शिकागोत एमएसडब्ल्यू: फॉर्म, फी आणि नऊशे बिनपगारी तास

"एच-फोरवर आहे, वय पस्तिशीच्या पुढे, बी.कॉम. झालंय, मुलगी शाळेत जाते, एमएसडब्ल्यू जमेल का?" असे मेसेज मला वर्षभर येतायत. (एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स डिग्री, एच-फोर म्हणजे इथे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा.) प्रत्येकीला तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहू म्हणून बसलेय. लांबलचक होणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मी मिरजेकडची. तिकडे बँकेत होते, लग्नानंतर शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका सबर्बात आले आणि पहिली काही वर्षं घरीच. २०२० मध्ये कोव्हिड सुरू झाला तेव्हा जवळच्या फूड पँट्रीत (गरजूंना फुकट किराणा देतात ती जागा) खोकी भरायला जायला लागले, खरं सांगायचं तर घरात बसून कंटाळा आला होता म्हणून. मे महिन्यात मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि पँट्रीतल्या गप्पांचा सूरच पालटला. माझ्याबरोबर एक रिटायर्ड स्कूल सोशल वर्कर होती, ब्लॅक, सत्तरीची, कामाला वाघीण. ती मला म्हणाली, खोकी भरायची असतील तर भर बाई, पण ही माणसं रांगेत का उभी आहेत ते समजून घ्यायचं असेल तर शिकायला लाग. ते डोक्यात राहिलं.

घरी नवरा म्हणाला कर. सासूबाई फोनवर म्हणाल्या, सिव्हिल हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक असतात तसलं का, मग चांगलंय की. मंडळातल्या ओळखीच्यांना सांगितलं तर पहिला प्रश्न, "म्हणजे साउथ साइडला जावं लागेल? एकटी?" (शिकागोचा दक्षिण भाग, बराचसा ब्लॅक वस्तीचा.) आणि लगेच गाडीचे दरवाजे लॉक ठेव, सिग्नलला काच खाली करू नकोस. सगळी प्रेमाने सांगणारी माणसं, पण त्यांच्यातलं कुणी वीस-वीस वर्षं इथे राहून म्युझियमच्या पलीकडे गेलेलं नव्हतं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये तयारीला लागले आणि सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ट्रान्सक्रिप्टने. इथली विद्यापीठं आपल्या मार्कशीट तशाच्या तशा घेत नाहीत, डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि त्यातसुद्धा कोर्स-बाय-कोर्स प्रकारचं घ्या, स्वस्तातलं डॉक्युमेंटवालं नको, कारण एमएसडब्ल्यूवाले तुमच्या पदवीत समाजशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र असलं काही होतं का ते एकेक विषय बघतात. माझ्या स्टॅटिस्टिक्सच्या पेपरचा तेव्हा उपयोग झाला, आयुष्यात पहिल्यांदा. विद्यापीठाकडून सीलबंद पाकीट थेट जायला हवं असतं, त्यासाठी बाबांनी खेपा घातल्या, डीडी काढला, "अगं सगळं झालंय, साहेबांची सही तेवढी राहिलीय" हे वाक्य मी दिवाळी उलटून गेली तरी ऐकत होते. पाकीट डिसेंबरात पोचलं.

दुसरी अडचण तीन वर्षांच्या पदवीची. काही विद्यापीठांनी सरळ सांगितलं की चार वर्षांची बॅचलर डिग्री पाहिजे, काहींनी माझं एम.कॉम. जोडून धरलं. हे वेबसाइटवर धड कुठे लिहिलेलं नसतं, अर्जाची फी भरायच्या आधी अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल करून लेखी उत्तर घ्या. आणि एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, ती म्हणजे प्रोग्रॅमला सीएसडब्ल्यूई या सोशल वर्कचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे की नाही. नसेल तर पुढे लायसन्सच्या वेळी सगळं मुसळ केरात. मूल्यांकन, कुरिअर, अर्जांच्या फिया सगळं धरून माझे साधारण साडेचारशे डॉलर गेले.

निबंध लिहायचा असतो, सामाजिक न्याय, वंशभेद यांच्याशी तुमचा काय संबंध यावर. "मला लहानपणापासून सेवेची आवड" असलं काही लिहू नका, त्यांच्याकडे त्याचे ढीग पडलेले असतात. मी पँट्रीच्या रांगेवर लिहिलं, की आमच्या सबर्बात ब्लॅक वस्ती एवढी कमी आणि रांगेत मात्र एवढी माणसं, ती येतात कुठून आणि एवढ्या लांब का येतात. मार्च २०२२ मध्ये अ‍ॅडमिशनचं पत्र आलं, राज्य विद्यापीठाचं.

पैशाचं स्पष्टच सांगते. इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांची कमी फी) मिळावी म्हणून घराचं लीज, इलिनॉयचं ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स रिटर्न अशी कागदपत्रं मागितली आणि मिळाली ती फी, तरी दोन वर्षांचे पस्तीस हजार डॉलरच्या घरात गेले. एच-फोरवर फेडरल कर्ज मिळत नाही, एफएएफएसए या सरकारी मदतीच्या फॉर्मचा काही उपयोग नाही. बऱ्याच स्टायपेंडच्या अटीत सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असं लिहिलेलं असतं, त्यात मन गुंतवू नका, विद्यापीठाच्या स्वतःच्या छोट्या स्कॉलरशिप असतात त्यांना अर्ज करा. माझ्याकडे ईएडी (काम करायचा परवाना) होतं. तुमच्याकडे नसेल तर बिनपगारी प्लेसमेंट (कोर्सचा भाग म्हणून संस्थेत करायचं प्रत्यक्ष काम) चालेल की नाही हे वकिलाला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको. असेल तर त्याची मुदत आणि प्लेसमेंटची मुदत शेजारी शेजारी मांडून बघा.

ऑगस्ट २०२२ मध्ये वर्ग सुरू झाले आणि पहिल्याच आठवड्यात जे समोर आलं त्यानं मी हादरले. सोशल वर्कच्या लायसन्सची परीक्षा एएसडब्ल्यूबी नावाची संस्था घेते, तिने त्याच महिन्यात पहिल्यांदा वंशानुसार निकाल जाहीर केले होते. क्लिनिकल परीक्षेत २०१८ ते २०२१ या काळात पहिल्या प्रयत्नात पास होणारे गोरे उमेदवार सुमारे ८४ टक्के, ब्लॅक उमेदवार ४५ टक्के. म्हणजे एकाच तऱ्हेच्या कॉलेजांतून डिग्री घेतलेली, तेवढेच तास प्लेसमेंट केलेली माणसं. आमच्या वर्गात निम्म्याच्या आसपास मुली ब्लॅक आणि लॅटिना होत्या. त्यांच्यातली एक शांतपणे म्हणाली, आम्हाला आकडा माहीत नव्हता, बाकी सगळं माहीत होतं. इलिनॉयने मात्र त्याच्या आधीच, १ जानेवारी २०२२ पासून, एलएसडब्ल्यू या पहिल्या लायसन्ससाठी परीक्षेची अटच काढून टाकली होती. म्हणून मी परीक्षा न देता लायसन्सवाली झाले. शेजारच्या इंडियानात जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मात्र ती द्यावी लागली. कुठल्या राज्यात राहणार हे नक्की नसेल तर याचा आधी विचार करा.

इतिहासाचा पेपर मला कंटाळवाणा जाईल असं वाटलं होतं. जेन अ‍ॅडम्सने १८८९ मध्ये शिकागोत हल हाउस काढलं, तिथून इथला सोशल वर्क सुरू होतो असं सगळीकडे सांगतात. आमच्या प्रोफेसरने पुढचं सांगितलं, की ही सेटलमेंट हाउसेस (वस्तीतच राहून मदत करणारी केंद्रं) युरोपातून आलेल्या गरिबांसाठी होती, दक्षिणेतून शिकागोत येणाऱ्या ब्लॅक माणसांना बहुतेक ठिकाणी दार बंद होतं. त्यांच्यासाठी १९१० मध्ये आयडा बी. वेल्स या ब्लॅक पत्रकार बाईने स्टेट स्ट्रीटवर निग्रो फेलोशिप लीग काढली, तिथे झोपायला जागा, नोकरीचा पत्ता, वाचायला पेपर मिळायचा. एनएएसडब्ल्यू या सोशल वर्करांच्या संघटनेने २०२१ मध्ये आपल्या व्यवसायाच्या वर्णद्वेषी वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली, ते निवेदन आम्ही वर्गात ओळन् ओळ वाचलं. आणि त्याच वाचनात मला क्लिफर्ड मॅनशार्ट सापडले. शिकागो विद्यापीठात पीएच.डी. केलेला हा माणूस मुंबईत आला, नागपाड्याला नेबरहुड हाउस चालवलं आणि १९३६ मध्ये तिथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू केलं, म्हणजे आजचं टिस, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. आपल्याकडचा एमएसडब्ल्यू शिकागोहून नागपाड्याला आला आणि मी तो शिकायला मिरजेहून शिकागोला आले, असं मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, मग मुंबईलाच केलं असतंस की, स्वस्तात झालं असतं.

आता प्लेसमेंट. एमएसडब्ल्यूला किमान ९०० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं, दोन वर्षांत मिळून. बहुतेक ठिकाणी बिनपगारी, आणि तेही कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात. सुरू करायच्या आधी टीबी टेस्ट, बोटांचे ठसे, बॅकग्राउंड चेक, आणि मँडेटेड रिपोर्टरचं (मुलांवर अत्याचाराचा संशय आला तर कळवणं ज्याला कायद्याने बंधनकारक आहे त्याचं) ट्रेनिंग, जे इलिनॉयमध्ये ऑनलाइन फुकट होतं. ठसे आणि टेस्ट उन्हाळ्यातच उरका, सप्टेंबरात सगळ्यांची एकदम गर्दी होते. मला आठवड्यातून दोन-तीन दिवस सकाळी मेट्रा (सबर्बची लोकल), मग सीटीए (शहरातली बस-रेल्वे), असं करत जावं लागायचं. फुलटाइम विद्यार्थ्यांना यू-पास मिळतो त्यामुळे सीटीएचे पैसे वाचले, मेट्राचे नाही. माझ्या मागे नवऱ्याचा पगार होता. वर्गातल्या एकीचं रात्री वेअरहाउसमध्ये पॅकिंग असायचं, सकाळी प्लेसमेंट, संध्याकाळी क्लास. दुसऱ्या सेमिस्टरला ती पार्टटाइम झाली, मग दिसेनाशी झाली. समतेवरचे सगळ्यात चांगले निबंध तिचे असायचे. तिचे तास पगारी असते तर ती आज माझ्याआधी लायसन्स घेऊन बसली असती, यात मला शंका नाही.

पहिल्या वर्षी माझी प्लेसमेंट साउथ साइडच्या एका संस्थेत होती, मुलांच्या आफ्टर-स्कूलमध्ये आणि त्यांच्या घरच्यांसोबत. याच शहरात स्ट्रीटरव्हिल भागात सरासरी आयुर्मान ९० आणि नऊ-दहा मैलांवरच्या एंगलवूडमध्ये ६०, असं २०१९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लोकांनी मांडलं होतं. आकडा वाचला होता, पण तिथे गेल्यावर कळतं की औषधाचं दुकान बंद झालं की म्हातारी माणसं दोन बस बदलून जातात, किंवा जातच नाहीत. तिथल्या सुपरवायझरने मला पहिल्या दिवशी काय शिकवलं असेल? गप्प बसायला. कुणाच्या घरी गेलीस तर आधी सांग किती वेळ बसणार, वहीत काय लिहिणार, ते कोण वाचणार. लोकांनी तुझ्यासारख्या पुष्कळ बघितल्यात, मे महिन्यात निघून जातात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये साउथ साइडच्याच वुडलॉनमध्ये मीटिंगला पाठवलं. टेक्सासहून बसमध्ये भरून पाठवलेली व्हेनेझुएलाची माणसं आदल्या ऑगस्टपासून शिकागोत येत होती आणि शहराने वुडलॉनमधल्या एका बंद शाळेत त्यांच्या राहण्याची सोय केली होती. २०१३ मध्ये याच शहराने पन्नासेक शाळा एका फटक्यात बंद केल्या होत्या, बहुतेक ब्लॅक आणि लॅटिनो वस्त्यांमधल्या. लोक चिडलेले. एक बाई उठून म्हणाली, आमच्या मुलांसाठी या इमारतीला पैसे नव्हते, आता कुठून आले? दुसरे एक आजोबा म्हणाले, ती लेकरं थंडीत झोपलीत, त्यांना काय विचारता, मेयरला विचारा. दोघांचंही बरोबर होतं. मी तिथे इंग्रजीत नोंदी घेत होते आणि माझ्या मागच्या खुर्चीवरचा माणूस दर पाच मिनिटांनी विचारत होता, तू कुणाकडून आलीस? वर्गात इन्क्लुजनवर स्लाइड्स असतात त्यात हे असं नसतं, की एका दुखावलेल्या वस्तीच्या दारात दुसरी दुखावलेली माणसं आणून ठेवली की काय करायचं. मी आल्यावर त्याच्यावर जर्नल लिहिलं, त्यात उत्तर नव्हतं, मार्क मात्र चांगले मिळाले.

त्याच महिन्यात सिअ‍ॅटलने जातीवरून भेदभावाला बंदी करणारा कायदा केला आणि वर्गातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. जात म्हणजे काय ते सांग. इथे मी ब्राउन, "पर्सन ऑफ कलर", फॉर्मवर एशियन. पण माझ्या आडनावामुळे मिरजेत मला कुणी भाड्याने खोली नाकारली नव्हती, हे मला त्या वर्गात इंग्रजीत सांगावं लागलं, मराठीत ते कधी सांगायची वेळच आली नव्हती. प्रोफेसरने मग १९४६ सालचा डॉ. आंबेडकर आणि अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांचा पत्रव्यवहार दाखवला. आंबेडकरांनी त्यांना लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या, आपल्याकडच्या अस्पृश्यांसाठी तसंच काही करायचा विचार होता म्हणून. शाळेत आम्हाला बाबासाहेब म्हणजे घटना एवढंच आलं होतं. दलित पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं हे मुंबई-पुण्याच्या चळवळीतल्या पोरांना पाठ असतं, मला चाळिशीकडे झुकताना शिकागोत कळलं. तुम्ही इथे शिकायला आलात तर हा प्रश्न येणारच, "आमच्याकडे आता तसं काही नाही" असं ठोकून देऊ नका, वर्गात कुणीतरी असतं ज्याला माहीत असतं.

दुसऱ्या वर्षीची प्लेसमेंट वेस्ट साइडला, नॉर्थ लॉनडेलजवळ. १९६६ मध्ये डॉ. मार्टिन लूथर किंग याच भागात हॅमलिन अव्हेन्यूवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते, घरांच्या प्रश्नावर लढायला. काम काय होतं? मेडिकेडचे (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचे) फॉर्म. कोव्हिडमध्ये तीन वर्षं कुणाचंच मेडिकेड बंद होत नव्हतं, ती सवलत ३१ मार्च २०२३ ला संपली आणि देशभर सगळ्यांच्या पात्रतेची फेरतपासणी सुरू झाली. घरी पत्र येतं, ते भरून मुदतीत पाठवायचं, नाही पाठवलं तर विमा बंद. ज्यांचं घर तीन वर्षांत बदललं त्यांची पत्रं जुन्या पत्त्यावर गेली. घर कुणाचं बदलतं, तर ज्यांचं भाडं वाढतं त्यांचं.

एक आजी आल्या होत्या (तपशील बदललेत). हातात बटर कुकीजचा तो निळा गोल डबा, आपल्याकडे ज्यात सुया-दोरे सापडतात तोच. आत सगळी सरकारी पत्रं, तारीखवार, प्रत्येकावर पेन्सिलीने कधी फोन केला, कोण बोललं, किती वेळ होल्डवर ठेवलं ते लिहिलेलं. फेरतपासणीचं पत्र तेवढं त्यात नव्हतं, कारण ते आलंच नव्हतं. इन्शुलिन घ्यायला गेल्या तेव्हा काउंटरवर कळलं की विमा बंद. बंद झाल्यापासून ९० दिवसांच्या आत फॉर्म पाठवला तर नव्याने अर्ज न करता परत चालू करता येतो, हे मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही हेल्पलाइनला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि ते होल्डचं संगीत ऐकत बसलो. त्यांनी डब्यातून पेन्सिल काढली आणि नवीन कागदावर तारीख टाकली. मला म्हणाल्या, तू पण लिही, तुमच्या लोकांना लिहायची सवय नसते. इन्शुलिन त्या दिवशी शेजारच्या क्लिनिकमधून तात्पुरतं मिळवलं, विमा पुढच्या महिन्यात परत आला. मी अजून तसंच लिहिते, तारीख, नाव, होल्डची मिनिटं. ज्यांना केसवर्क करायचंय त्यांना माझी पहिली टिप हीच.

मे २०२४ मध्ये पदवी मिळाली. लायसन्सचा अर्ज ऑनलाइन, विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट थेट जातं, या वेळी एका क्लिकवर गेलं आणि बाबांची फार आठवण झाली. अर्ज करून काही आठवडे नुसती वाट बघायची, रोज स्टेटस उघडून काही होत नाही. तोवर नोकरीसाठी मुलाखती देत होते. पगार ऐकून नवऱ्याच्या ऑफिसमधले लोक "प्लस बोनस?" असं विचारतात, तेव्हा विषय बदलायचा. मुलाखतीत एकच प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी उलटा विचारला, सुपरव्हिजन मोफत देता का? पुढचं लायसन्स, एलसीएसडब्ल्यू, हवं असेल तर पदवीनंतर ३,००० तास देखरेखीखाली काम करावं लागतं, आणि संस्था देत नसेल तर बाहेरच्या एलसीएसडब्ल्यूला तासाचे पैसे मोजावे लागतात. मी थोड्या कमी पगाराची पण सुपरव्हिजन देणारी नोकरी घेतली. तासांची नोंद स्वतः ठेवा, सुपरवायझर नोकरी सोडून जातात, सही तेव्हाच्या तेव्हा घ्या.

सध्या वातावरण गढूळ आहे हेही सांगायला हवं. जानेवारी २०२५ पासून वॉशिंग्टनहून डीईआयच्या (विविधता, समता, समावेश) नावाने जे चाललंय त्यामुळे फेडरल पैशावरची कामं डळमळीत झालीत, काही ठिकाणी नोकरभरती थांबलीय. जुलै २०२५ च्या कायद्याने २०२६ च्या अखेरीपासून मेडिकेडच्या विस्तारातल्या (उत्पन्नाची मर्यादा वाढवून नंतर घेतलेल्या) प्रौढांची फेरतपासणी वर्षातून एकदा होती ती दर सहा महिन्यांनी होणार आहे, वर कामाचे तास दाखवायची अट. म्हणजे आमच्या डेस्कवर काम दुप्पट, माणसं तेवढीच. आत्तापासून आम्ही येणाऱ्या प्रत्येकाचा पत्ता आणि फोन नंबर पोर्टलवर अपडेट करून देतोय, त्यातच अर्धा दिवस जातो.

ज्यांना २०२७ ला सुरू करायचंय त्यांनी आत्ताच विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाका, घरचं कुणीतरी तिथे जाऊ शकेल असं बघा, आणि तोवर जवळच्या पँट्रीत किंवा शेल्टरमध्ये जायला लागा, शिफारसपत्र तिथूनच मिळतं. इन-स्टेट फीची कागदपत्रं, निबंध असलं काही विचारायचं असेल तर खाली लिहा, रविवारी बसून उत्तरं देते. व्हिसाचं मात्र मला विचारू नका.